परतावा येतो, पण सभागृहात येत नाही

नगरपरिषदेला अनपेक्षित पैसे मिळाले तर ती त्यांचं काय करते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. नगरपरिषदेची देणी अचानक उगवतात, येणी कधी उगवत नाहीत, असा सगळ्यांचा अनुभव. पण पैसे येतात. त्यातही महावितरणकडून येतात. हे अंबाजोगाईच्या एखाद्या चहाच्या टपरीवर सांगितलं तर लोक हसतील; महावितरण पैसे घ्यायला येते, द्यायला नाही, असं म्हणतील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेतच हा सगळा विषय आहे.

आधी शहराची स्थिती. २०११च्या जनगणनेत अंबाजोगाईची लोकसंख्या सुमारे ७४ हजार. म्हणजे ४० हजार ते एक लाख या पट्ट्यातली 'ब' वर्ग नगरपरिषद. पाणी येतं केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून. याच धरणावर लातूर, केज, कळंब अवलंबून. तिथून ते शहरात आणायचं म्हणजे पंप, आणि पंप म्हणजे वीजबिल. मराठवाड्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या वीजखर्चात दोन मोठे आकडे असतात, पाणीपुरवठा आणि पथदिवे. त्यांत पाणीपुरवठ्याचा आकडा मोठा. तेव्हा परतावा आला तर तोही बहुधा याच जोडण्यांवर येणार.

तो येतो कुठून? सगळ्यात साधी वाट म्हणजे सुरक्षा ठेवीवरचं व्याज. प्रत्येक ग्राहकाची ठेव वीज कंपनीकडे पडून असते आणि २००३च्या वीज कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिच्यावर किमान बँक दराने व्याज द्यावं लागतं. २०२३च्या फेब्रुवारीपासून पुढची दोन वर्षं हा दर ६.७५ टक्के होता. वीस लाखांच्या ठेवीवर वर्षाला एक लाख पस्तीस हजार. ही रक्कम बिलात वजा होऊन येते, आणि बिलाचा शेवटचा आकडा तेवढाच पाहायची सवय असेल तर ती कोणाच्या नजरेलाही पडत नाही.

दुसरी वाट चुकीच्या बिलाची. मोठ्या जोडणीचं मीटर थेट युनिट दाखवत नाही. प्रवाह आणि दाब कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांच्या, म्हणजे सीटी-पीटीच्या, प्रमाणानुसार वाचनाला गुणक लावावा लागतो. गुणक चुकला की महिनोन्महिने बिल चुकत राहतं. दुसरा नेहमीचा घोळ वर्गवारीचा. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी राज्याच्या विद्युत नियामक आयोगाने वेगळा दर ठरवलेला आहे. जोडणी त्या वर्गात न बसता दुसऱ्या महागड्या वर्गात बसली की फरक फुगत जातो. अशी जादा वसुली झाली तर ती बँक दराच्या व्याजासह परत मागता येते, हे त्याच कायद्याचं कलम ६२(६) सांगतं. मागायला जागाही आहे: लातूर परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. पण मागावं लागतं, आणि मुदतीत मागावं लागतं. दोन वर्षांच्या मुदतीवर पडलेल्या तक्रारींची लोकपालांच्या निकालपत्रांत रांग आहे.

तिसरी वाट जास्त रंजक आहे, कारण तिच्यात खरा मोठा पैसा होता. नवी जोडणी देताना वीज कंपनी ग्राहकाकडून सेवा वाहिनीचा आकार, पायाभूत सुविधेचं अंशदान आणि मीटरची किंमत घेत असे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ८ सप्टेंबर २००६च्या आदेशाने या वसुलीला चाप लावला: स्वतंत्र, केवळ त्या ग्राहकासाठीची वाहिनी नसेल तर हे आकार घ्यायचे नाहीत. २००७मध्ये आयोगाने घेतलेले पैसे परत करायला सांगितलं. महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागला १० नोव्हेंबर २०१६ला, कंपनीच्या विरोधात. त्यानंतर वर्षभराने, २०१७च्या डिसेंबरात, परताव्याचं परिपत्रक निघालं. आदेशापासून परिपत्रकापर्यंत अकरा वर्षं गेली. ज्या नगरपरिषदेने २००६च्या आसपास पंपगृहासाठी असे पैसे भरले असतील, तिथले मुख्याधिकारी या काळात किती वेळा बदलले असतील याचा अंदाज वाचकानेच करावा. पावती कुठल्या कपाटात आहे हे माहीत असलेला लिपिक निवृत्त झाला, की परतावाही त्याच्याबरोबर निवृत्त होतो.

इथे एक्स्प्रेस फीडरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. धरणावरच्या पंपांना अखंड वीज मिळावी, भारनियमनात ते बंद पडू नयेत, म्हणून पाणीपुरवठा योजनांमध्ये स्वतंत्र वाहिनी टाकतात. ती फक्त त्या ग्राहकासाठी असते, म्हणून खर्चही त्याचाच. नियमानुसार हे ठीक. पण पुढे त्याच वाहिनीवरून वाटेतल्या कुणाला जोडणी दिली, की ती 'फक्त आपल्यासाठी' राहत नाही आणि खर्च परत मागण्याला जागा निर्माण होते. आता हा खर्च कोणी केलेला असतो? बहुतेक वेळा नगरपरिषदेने नव्हे. तो योजनेच्या अंदाजपत्रकात धरलेला असतो, आणि योजनेचा मोठा हिस्सा राज्याचा किंवा केंद्राचा. मग परत आलेले पैसे कोणाचे? नगरपरिषद म्हणेल, ग्राहक क्रमांक आमचा. शासन म्हणेल, अनुदान आमचं. माझ्या मते अशा पैशाला नगरपरिषदेने 'उत्पन्न' म्हणणं धोक्याचं आहे. लेखापरीक्षक दहा वर्षांनी आक्षेप काढतो आणि तोवर पैसे रस्त्याच्या डांबरात गेलेले असतात.

आता मुख्य मुद्दा. हे पैसे येतात कसे? धनादेशाने क्वचित. पुढच्या बिलात वजा होऊन. आणि ज्या नगरपरिषदेची थकबाकी आहे तिच्या बाबतीत वजा होणं म्हणजे थकबाकीत मुरणं. थकबाकीवर व्याजाचा दर १२ ते १५ टक्क्यांच्या घरात. परताव्यावरचं व्याज बँक दराने. जाताना एक दर, येताना दुसरा. बारा टक्क्यांचं कर्ज फिटत असेल तर परतावा थकबाकीत जाणं हिशेबाने चुकीचंही नाही, हे कबूल करायला हवं. उलट त्याहून चांगला परतावा देणारी गुंतवणूक नगरपरिषदेच्या हाती क्वचितच असते. तक्रार वेगळी आहे. हा निर्णय कोणी घेतला? संगणकाने घेतला. नगरसेवकांना कळलं नाही, नगराध्यक्षांना कळलं नाही, सभेपुढे विषय आला नाही. शहराने काही लाख रुपये खर्च केले आणि कार्यवृत्तात त्याची एक ओळ नाही.

थकबाकीचा विषय निघाला की परळीची आठवण येतेच. अंबाजोगाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं औष्णिक वीज केंद्र २०१३मध्ये आणि पुन्हा २०१५मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. म्हणजे पाणी नाही म्हणून वीज नाही. आणि याच पट्ट्यातल्या गावांत बिल थकलं की पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर पाणीपुरवठ्याची वीज तुटते. वीज नाही म्हणून पाणी नाही. पाणीपट्टी वसूल होत नाही कारण पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि पाणी आठवड्यातून एकदा येतं त्याच्या कारणांत एक पाणीपट्टी वसूल न होणं हेही. या चक्रात शिरलेला परतावा बाहेर पडणं कठीणच.

समजा, थकबाकी नाही आणि पैसे खरोखर हाती आले. आकडा गृहीत धरू: पंचवीस लाख. मग काय होतं, हे नगरपरिषदेची एक सभा पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते हवे असतात. निवृत्तांचं उपदान अडकलेलं असतं. ठेकेदारांची देयकं टेबलावर असतात. प्रत्येक प्रभागात एक नाली आणि एक सिमेंट रस्ता वाट पाहत असतो. मार्गशीर्षात योगेश्वरीचं नवरात्र आलं की दिवाबत्तीची मागणी येते, आणि ती रास्तही असते, कारण गावाची निम्मी ओळख त्या मंदिरावर उभी आहे. दिव्यांगांसाठी, महिला-बालकल्याणासाठी आणि दुर्बल घटकांसाठी स्वउत्पन्नाच्या प्रत्येकी पाच टक्क्यांची तरतूद शासनाने बांधून दिलेली. परतावा स्वउत्पन्नात धरला तर त्यातूनही हे वाटे निघाले पाहिजेत, असा मुद्दा एखादा अभ्यासू सदस्य काढू शकतो. तो बरोबर असेल.

या मागण्यांना धार येते ती एका जुन्या कारणाने. १९९९मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. ते पगारात संपतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या छोट्या शहरांच्या अनुदानात २०२१ पासून साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. बाकीचा निधी योजनांचा, म्हणजे कुठल्या तरी शासन निर्णयाच्या दावणीला. ज्याच्यावर कोणत्याही शीर्षाचा शिक्का नाही असा पैसा सभागृहाच्या हाती जवळजवळ राहिलेलाच नाही. म्हणून परताव्यासारखी मोकळी रक्कम दिसली की तिची किंमत तिच्या आकड्यापेक्षा मोठी होते. ती 'ऐनवेळच्या विषयां'त येते, सूचक-अनुमोदक ठरलेले असतात, चर्चा होते न होते आणि ठराव मंजूर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. वरच्या सरकारकडून स्थानिक संस्थेला पैसा मिळाला की तो कर कमी करून लोकांकडे जात नाही, जिथे पडला तिथेच खर्चून चिकटतो, हे अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी दशकानुदशकं मोजलेलं आहे. आर्थर ओकन यांनी त्याला माश्या पकडायच्या कागदावरून 'फ्लायपेपर इफेक्ट' हे नाव दिलं. जेम्स हाइन्स आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५मध्ये त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. परतावा अनुदान नव्हे, ते आपलेच पैसे. पण सभागृहात दोन्ही सारखेच वागवले जातात: घबाड म्हणून.

मग लोकांना परत द्यावेत का? ऐकायला न्याय्य वाटतं. जादा बिल पाणीपुरवठ्याचं होतं, पाणीपट्टी नागरिकांनी भरली, तेव्हा परतावा नागरिकांचा. हिशेब करू. पंचवीस लाख रुपये पंधरा हजार नळजोडण्यांत वाटले तर प्रत्येकी १६७ रुपये. तेही कोणाला? ज्यांच्या नावावर नळ आहे त्यांना. भाडेकरूला नाही, नळ नसलेल्या वस्तीतल्या बाईला नाही, उन्हाळ्यात टँकर आणि जारवर दिवस काढलेल्या घराला तर नाहीच. आणि ज्याने पाणीपट्टी पाच वर्षं भरलेली नाही त्याला द्यायचे का, यावर एक स्वतंत्र सभा लागेल. शिवाय पाणीपट्टी पाणीपुरवठ्याच्या खर्चाला पुरत नाही. केंद्राच्या सेवा-मानकांत शंभर टक्के खर्चवसुलीचं लक्ष्य आहे आणि छोटी शहरं त्याच्या जवळपासही नाहीत. तूट मालमत्ता करातून आणि अनुदानातून भरली जाते. म्हणजे जादा बिल नेमकं कोणाच्या खिशातून गेलं, हे सांगणं अवघड.

एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्याला वापरल्याचं मोठं उदाहरण मुंबईत आहे. बेस्टच्या बससेवेची तूट शहरातल्या वीजग्राहकांच्या बिलातून वसूल केली जात होती. ग्राहकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि शेवटी ती वसुली थांबली. बससेवा चालली पाहिजे यात वाद नव्हता. दिव्याच्या बिलातून बस का, एवढाच प्रश्न होता. अंबाजोगाईत तोच प्रश्न उलट्या बाजूने: पाण्याच्या बिलातून रस्ता का?

माझं मत असं की परतावा ज्या जोडणीवर आला त्या जोडणीचं पुढचं बिल कमी करण्यासाठीच तो वापरावा. यात नीतीपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंपात काहीही वाया गेलं नाही असं धरलं तर, ०.२७ युनिट वीज लागते. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचं मानक धरलं तर ७४ हजार लोकांना रोज सुमारे एक कोटी लिटर. शंभर मीटरची एकूण उचल गृहीत धरून साठ टक्के कार्यक्षमतेच्या जुन्या पंपाला रोज साडेचार हजार युनिट लागतील. पंच्याहत्तर टक्क्यांच्या चांगल्या पंपाला ३,६०० च्या आसपास. रोजचा फरक नऊशे युनिट, वर्षाचा सव्वातीन लाखांहून जास्त. आठ रुपये युनिट धरलं तर साडेसव्वीस लाख. प्रत्यक्षातली उचल, पाण्याचं प्रमाण, पंपांची स्थिती वेगळी असेल आणि आकडा त्यानुसार हलेल. पण पंप बदलण्यात गेलेला पैसा दरवर्षी परत येतो आणि नालीत गेलेला येत नाही, हे आकडा हलला तरी हलत नाही.

वेळेचाही हिशेब आहे. मोठ्या जोडण्यांना बरीच वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती; शहाणी नगरपरिषद रात्री टाक्या भरून घेत असे. २०२५च्या नव्या दररचनेत सवलत दिवसाकडे, सौर तासांकडे सरकली. म्हणजे पंप चालवण्याचं वेळापत्रक बदलायला हवं, आणि त्यासाठी पाणी साठवायला पुरेशा टाक्या हव्यात. हे काम नगरसेवकाच्या फलकावर मावत नाही. पंपाच्या इम्पेलरचं उद्घाटन करता येत नाही. एक टाकी मात्र बांधता येते, तिच्यावर नाव घालता येतं. राजकारणाशी तडजोडच करायची तर ती तिथे करावी.

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी दिलं, मीटरने दिलं, वापर वाढेल तसा दर वाढवत नेला. गळती आणि उधळपट्टी कमी झाली तेव्हा उपसाही कमी झाला. लहान गावाला हे जमलं याचं कारण तिथे पैसा जास्त होता असं नव्हे. पैसा येण्याआधी काय करायचं ते ठरलेलं होतं. उलटं उदाहरण पुण्याचं. समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने २०१७च्या जूनमध्ये ७.५९ टक्क्यांनी दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले, शेअर बाजारात घंटा वाजली, आणि निविदांचा घोळ होऊन काम रखडलं. पैसा तयार, काम तयार नाही, व्याज चालू. परताव्याच्या बाबतीत निदान व्याज तरी द्यावं लागत नाही.

या मताला एक जोरदार आक्षेप आहे आणि तो अंबाजोगाईकर नक्की घेतील. पंप कितीही चांगला बसवा, धरणच कोरडं असेल तर तो काय उचलणार? २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. पुढे रेल्वेने त्या वाहतुकीचं सुमारे चार कोटींचं बिलही पाठवलं. अंबाजोगाई तर रेल्वेच्या नकाशावरच नाही. तेव्हा परताव्याचा काही हिस्सा टंचाईसाठी राखीव ठेवावा, विहिरी-बोअर आणि स्थानिक स्रोत जिवंत ठेवायला वापरावा, हा आग्रह मला पटतो. फक्त राखीव निधी म्हणजे बँकेतली ठेव, आणि ठेव म्हणजे पुढच्या वर्षी पगाराला हात घालायची जागा, एवढं लक्षात ठेवावं. ठरावात प्रयोजन लिहिलेलं नसेल तर ठेव टिकत नाही.

ठराव कोण करणार हाही प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. २०२१-२२ मध्ये मुदती संपल्यावर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक आले आणि निवडणुका २०२५च्या डिसेंबरापर्यंत लांबल्या. त्या काळात सभा म्हणजे एका अधिकाऱ्याची सही. काही प्रशासकांनी निर्णय सभागृहापेक्षा बरे घेतले असतील. वाद घालायला कोणी नसलं की काम लवकर होतं. पण परतावा आला की नाही हे विचारणाराही कोणी नव्हता. आता सदस्य आहेत आणि नगराध्यक्ष थेट निवडून आलेले आहेत. ठराव चुकीचा वाटला तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो रोखू शकतात, त्यामुळे घाईने केलेला ऐनवेळचा ठराव पक्काच राहील याचीही खात्री नाही.

खरं काम ठरावाच्याही आधी, लेखा विभागात आहे. परतावा 'संकीर्ण जमा' या शीर्षाखाली नोंदवला की तो तिथेच विरघळतो. जाहिरात फलकांचं भाडं आणि निविदा अर्जांची किंमत जिथे जाते तिथेच. तो पाणीपुरवठ्याच्या वीजखर्चातून वजा करून दाखवला तर पाणीपुरवठ्याचा खरा खर्च दिसतो, पुढच्या वर्षीची पाणीपट्टी ठरवताना खरा आकडा हाती येतो, आणि बिलात मुरलेली रक्कमही कागदावर उमटते. त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांनी दर तिमाहीला प्रत्येक मोठ्या जोडणीचं बिल सभेपुढे ठेवावं: ठेव किती, तिच्यावर व्याज किती जमा झालं, गुणक कोणता, वर्गवारी कोणती, मागील बिलांची दुरुस्ती किती. हे सगळे आकडे महावितरणच्या छापील बिलावर असतातच. सभेपुढे आले नाहीत तर कोणताही नागरिक मागील चोवीस महिन्यांची बिलं माहिती अधिकारात मागू शकतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.